येसर नाकानं भाजतात

आमच्या गल्लीत लग्न कुणाचंही असो, येसर भाजायला मलाच बोलावतात. बोलावणार नाहीत तर जातील कुठे? पाथर्डी तालुक्याच्या या कोरड्या भागात पोरीला सासरी पाठवताना हळदीच्या फडक्यात बांधून येसर देतात. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, मिरची असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेलं पीठ म्हणजे येसर. नव्या घरात कुठला डबा कुठे हे पोरीला ठाऊक नसतं, आणि पहिल्याच दिवशी पाव्हण्यांना आमटी करून वाढायची असते. उकळत्या पाण्यात दोन मुठी येसर कालवला, मीठ टाकलं की आमटी तयार. माहेरची अब्रू त्या फडक्यात असते, असं माझी सासू म्हणायची. मीही तेच म्हणते, फक्त जरा मोठ्यानं.

भाजताना मी डोळे मिटून बसते. नव्या सुना कढईत डोकावून रंग बघायला लागल्या की मी त्यांच्या हातावर उलथणं ठेवते आणि सांगते, "डोळ्यांनी भाजत्यात ते पापड. येसर नाकानं भाजत्यात." हे वाक्य मी इतक्या जणींना ऐकवलंय, की आता मी तोंड उघडलं की त्याच ते पुरं करतात.

या नाकाच्या जोरावर मी एकदा भीमाबाईलाही दुखावलं. मी आणि भीमाबाई एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आलो. तिच्या पोरीच्या लग्नात जात्याला हळदीचं फडकं बांधून झालं, पाच सुवासिनी बसल्या, आणि हिनं आणली काय, तर दुकानातली तयार येसराची पाकिटं! कात्रीनं कापून परातीत ओतली. "येळ कुठं हाय गं," म्हणाली. मी उठले, पदर झटकला आणि म्हटलं, "पाकिटाला सुवाशिनी कशाला लागत्यात? कात्री पुरं हाय." आणि सरळ घरी आले. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. मग तिची म्हैस व्याली, तिनं खरवस पाठवला, आणि गाडी रुळावर आली. पण ती काही ते विसरली नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही विसरले नसते.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण यंदा माझ्याच लेकीचं, रोहिणीचं लग्न ठरलं, आणि मला वास येत नव्हता.

हिवाळ्यात ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. जिभेला तिखट, मीठ, आंबट कळायचं. बाकी धने चावले काय आणि भुसा चावला काय, सारखंच. गुपचूप नगरच्या डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणाले, "येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार." एवढं तर दारात येणारा नंदीबैलसुद्धा मान हलवून सांगतो.

मी कुणालाच सांगितलं नाही. कानिफनाथांना, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितलं असतं तर ते पारावर बोलले असते आणि जेवणवेळेपर्यंत गल्लीला कळलं असतं. लेकाचं चित्त ट्रॅक्टरमध्ये. रोहिणीला सांगायची हिंमत नव्हती. आणि सुनेला सांगण्यापेक्षा मी विहीर जवळ केली असती.

सून माझी श्रीरामपूरची. आरती. पाथर्डीच्या पतसंस्थेत नोकरीला आहे, सकाळी स्कूटीवर जाते ती दिवेलागणीला येते. पोरगी गुणाची, हसरी, पण स्वयंपाकात तिची विळीपेक्षा कात्री जास्त चालते. इडलीचं तयार पीठ, आलं-लसणाची पेस्ट, दोन मिनिटांच्या शेवया, सोललेले मटार. आमचा फ्रिज उघडला की किराणा दुकान उघडल्यासारखं वाटतं. मी तिचं नाव पाकीटराणी ठेवलं होतं. तिला त्याचा राग नाही की लोभ नाही. कामावरून आली की हेल्मेट काढता काढता म्हणायची, "आई, पाकीटराणीला कपभर चहा मिळेल का?" मीही देत असे. चहा द्यायला माझं काही जात नव्हतं.

येसराचा दिवस जवळ आला तसं माझं अन्न गोड लागेना. शेवटी मी एक बेत केला. पाथर्डीत कुणीतरी बघितलं असतं, म्हणून एस.टी.नं तिसगावला गेले आणि तयार येसराची पाकिटं घेतली. दुकानदारानं काही विचारलं नव्हतं, तरी मीच म्हटलं, "शेजारणीला पायजेत." घरी येऊन ती बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरली. त्या दिवशी बायकांसमोर रीतसर भाजायचं, दळायला गिरणीत पाठवायचं, आणि फडक्यात बांधताना पाकिटातला येसर बांधायचा. कच्चा-करपका येसर घेऊन पोरगी सासरी गेली असती, त्यापेक्षा हे बरं.

चव बघावी म्हणून एक पाकीट फोडून त्याची आमटी केली. कानिफनाथ भुरके मारून जेवले. बोटं चाटत म्हणाले, "तुझ्या हाताला जी चव हाय ना, ती जगात कुठं न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभा जन्म हा माणूस माझ्या हातचं जेवला आणि याला फरक कळला नाही! त्या दिवशी मी भांडी अशी घासली की शेजारच्या वासरानं दावं तोडलं.

आरतीनं मात्र दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारली होती. माझ्याकडे एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं चहा मागितला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, बाजरीच्या डब्यात काय आहे?"

"बाजरी."

"बाजरीला आमचूर पावडरचा वास नाही येत."

तिनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकिटं बाहेर काढली. फोडलेल्या पाकिटाला मी रबर लावलं होतं, तरी हिला वास लागला. मी मनातल्या मनात पदर खोचला. आता ही बोलणार, आणि बोलायचा तिला हक्कच होता. पण ती बसली माझ्यासमोर आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना?"

"कोन म्हनलं?"

"परवा दूध करपलं तेव्हा तुम्ही शेजारीच लसूण सोलत होतात. आणि मी त्या दिवशी नवीन सेंट मारून आले, तर तुम्ही एका शब्दानं टोचलं नाहीत. मला तेव्हाच वाटलं, आईंचं काहीतरी बिघडलंय."

"मग सांग जा गल्लीभर. पाकीटरानीची सासूबी पाकीटरानीच निगाली म्हनून."

"मी पाकीट आणते ते ओट्यावर ठेवते, आई. तुम्ही ते पिठात पुरलंत."

हे लागलं. फार लागलं, कारण खरं होतं. ती पुढे म्हणाली, "रोहिणी ते फडकं छातीशी धरून जाणार. आत काय आहे ते तिला सांगणार आहात का तुम्ही?"

माझा बांध फुटला. तिथेच फरशीवर बसून मी रडले. म्हटलं, "मी आख्ख्या गावच्या पोरींचं भाजलं गं. आन माज्या पोरीचं मला भाजता येईना. ह्याच्यापरीस मरान बरं."

"मरण नंतर बघू," आरती म्हणाली. "आधी गॅस पेटवा. वास मला येतो."

अशी आमची तालीम सुरू झाली. ती कामावरून आली की दार लोटून घ्यायचं आणि मूठमूठभर जिन्नस भाजायचा. पहिला दिवस सगळा वाया गेला. मी विचारायची, "आता कसा वास येतुय?" आणि ती म्हणायची, "छान येतोय."

"छान म्हंजी काय? मला काय कळनार त्यात?"

ती कढईवर वाकली, डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाली, "बिस्किटाचा पुडा फोडल्यासारखा."

मी थबकले. बिस्किटाचा पुडा मी काय कमी वेळा फोडलाय? तो वास मला डोक्यात आठवला, आणि गहू कुठवर आला ते लख्ख कळलं. अजून थोडा हवा होता. मी परतत राहिले. "आता?" "आता चहातल्या टोस्टसारखा." मी कढई उतरवली. गहू दाताखाली धरला, कुरकुरीत फुटला. माझ्या हाताला आणि दाताला तो बरोबर ओळखीचा वाटला.

मग काय विचारता! धने गरम व्हायला लागले की संत्र्याच्या गोळीसारखा वास, आणि नीट भाजले की चिवड्याच्या पुड्यासारखा. जिरे म्हणजे थंडगार जिरा सोडा. खोबरं म्हणजे नारळाची बिस्किटं. जन्मभर मी हे वास ओळखत होते, पण त्यांना कधी नावं दिली नव्हती. नाव द्यायची गरजच पडली नव्हती, माझं नाक होतं ना! या पोरीनं दुकानातल्या फळीवरची नावं काढून माझ्या कढईला लावली. आणि नाक असं, की एकदा म्हणाली, "आई, हे धने जुने आहेत. ह्यांना वहीच्या कागदाचा वास येतोय." ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं डोळे झाकून माल घेते, तिथे जाऊन मी भांडले, आणि दुकानदारानं मुकाट्यानं आतल्या पोत्यातले धने दिले. तिचं नाक माझ्या नाकाच्या वरचढ होतं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सून आहे, लगेच डोक्यावर बसली असती.

प्रश्न एवढाच होता, की बायकांसमोर हे बोलायचं कसं. गल्लीला कळू द्यायचं नाही, हा माझा हट्ट कायम होता, आणि तसा शब्द मी आरतीकडून घेतला होता. शेवटी आम्ही खूण ठरवली. आरती माझ्या मागे उभी राहणार. तिच्या हातात काचेच्या दोनच बांगड्या असायच्या. एकदा वाजवल्या तर अजून परतायचं, लागोपाठ दोनदा वाजवल्या की उतरवायचं. घरी करून बघितलं, छान जमलं. मी मनाशी म्हटलं, सत्यशीला, तुझं नाव काही इतक्यात बुडत नाही.

येसराचा दिवस उजाडला. अंगणात चूल मांडली, जात्याला हळदीचं फडकं बांधलं, गल्लीतल्या बायका जमल्या. पाच सुवासिनींत भीमाबाई होतीच. तिला वगळलं असतं तर पुन्हा खरवसाची वाट बघत बसावं लागलं असतं. रोहिणी हळदीच्या पायांनी उंबऱ्यावर बसली होती आणि सगळ्यांच्या चेष्टेला हसत होती. मी पाटावर बसले, कढई तापली, डोळे मिटले.

आणि मला घाम फुटला.

चुडा भरल्याशिवाय येसराला हात लावायचा नाही, ही आमची रीत. कासारीण सकाळीच येऊन गेली होती. अंगणातल्या एकूण एक बाईचे हात मनगटापासून कोपराच्या दिशेनं हिरव्या बांगड्यांनी भरले होते. आरतीचेसुद्धा. कासारणीला सांगावा मीच धाडला होता. तालमीत हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. आता कुणी सूप पाखडत होतं, कुणी पदर सावरत होतं, कुणी पोराला धपाटा घालत होतं, आणि सगळं अंगण किणकिणत होतं. त्यातली आरतीची किणकिण कुठली, हे ओळखायला देवाचे कान हवेत.

गहू, बाजरी आणि डाळ मी हाताच्या सवयीवर निभावून नेली. उलथणं जड लागतं की हलकं, यावरून थोडं कळतं. मग धने टाकले. धने सवयीला दाद देत नाहीत. परतत होते, कान टवकारून बसले होते, आणि मागे लागोपाठ दोनदा वाजलं. मी कढई उतरवली.

ते वाजवणारी भीमाबाई होती. तिनं पदर खांद्यावर घेतला होता, एवढंच. तिनंच परातीतून चिमूटभर धने उचलले, दाताखाली धरले आणि म्हणाली, "सत्यशीला, धनं कच्चं हायती गं."

अंगणातली किणकिण थांबली. मी डोळे उघडले. आरती ओठ घट्ट मिटून उभी होती. मला दिलेला शब्द तिनं पाळला होता आणि त्यानं तिचे डोळे भरले होते.

खरं सांगते, अजूनही वाट होती. मी नुसतं म्हटलं असतं, "आवंदा असंच भाजायचं असतं," तर गल्लीतल्या सगळ्या सुनांनी जन्मभर धने कच्चे ठेवले असते, एवढं माझं वजन आहे. पण उंबऱ्यावर रोहिणी बसली होती. त्या परातीतलं तिच्या पदरात जाणार होतं. तिच्या पदरात मी खोटं कसं बांधू?

मी उभी राहिले. चोरट्यासारखं बोलायची मला सवय नाही, म्हणून खणखणीत बोलले.

"भीमा, तू म्हनतीस ते खरं हाय. मला वास येत न्हाई. हिवाळ्यातल्या तापापसनं येत न्हाई. आन अजून ऐका. मी पाकिटंबी आनली हुती. पिठात लपवली हुती. तुज्या दारातनं मी पदर झटकून उठले हुते ना? आज तू ऊठ. तुजा हक्क हाय."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी एकमेकींकडे बघितलं. रोहिणी उठून उभी राहिली होती.  भीमाबाई बसल्या जागी मांडी बदलून म्हणाली, "उठाया माजं गुडघं कुठं चालत्यात? आन मी उठले तर तू म्हशीबिगर खरवस कुठनं धाडशील? ते ऱ्हाऊ दे. आता भाजायचं कुनी, ते सांग."

"माजी सून भाजील," मी म्हटलं, आणि उलथणं आरतीच्या हातात दिलं.

आरती म्हणाली, "मी एकटी नाही, काकू. वास मला येतो, पण थांबायचं कुठं ते आईंनाच कळतं." आणि ती माझ्या शेजारी पाटावर टेकली. धने पुन्हा कढईत पडले. मी विचारलं, "कसा येतुय?"

"संत्र्याची गोळी," आरती मोठ्यानं म्हणाली.

बायकांना आधी काही कळेना. मग एक फिसकन हसली, आणि हसू अंगणभर पसरलं. "हालीव, हालीव," मी म्हटलं. "आता?"

"अजून गोळीच. थांबा… आता फरसाण… आता चिवड्याचा पुडा!"

"उतरीव!"

भीमाबाईनं पुन्हा दोन दाणे तोंडात टाकले. आम्ही दोघी तिच्या जबड्याकडे बघत राहिलो. "झालं बया," ती म्हणाली. "आता झालं."

जिरे आणि खोबऱ्यापर्यंत तर बायकांना त्याचा नाद लागला. एक म्हणे जिरा सोडा, दुसरी म्हणे छे, अजून सोडा कुठे झालाय. प्रत्येक बाई कढईवर नाक घेऊन वाकत होती. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, नाकानं भाजा, नाकानं भाजा. एकीनंही कधी नाक खाली केलं नव्हतं, कारण माझं होतं ना तिथे. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या गल्लीनं येसराचा वास घेतला, फक्त मी सोडून. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

रोहिणीनं फडकं पुढे केलं. त्याची एक गाठ मी मारली, दुसरी आरतीला मारायला लावली. आरती म्हणाली, "मी कशाला? आईनं बांधायचं असतं." मी म्हटलं, "ज्येचं नाक, त्येची गाठ. मार गुमान."

पाकिटं मी फेकली नाहीत. अन्नावर राग काढायचा नाही. ती आता ओट्यावर असतात, सगळ्यांना दिसतील अशी. आरतीला उशीर झाला आणि माझे पाय दुखत असले की एखादं फोडते. कानिफनाथ अजूनही बोटं चाटून म्हणतात, तुझ्या हातची चव जगात नाही. कुठली आमटी पाकिटातली, ते त्यांना मी काही सांगितलेलं नाही. संसारात सगळंच सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. भीमाबाईच्या पुतणीचं लग्न ठरलंय आणि तिनं येसराला आम्हा दोघींना बोलावलंय, तेही रविवारी, आरतीच्या सुट्टीच्या दिवशी.

पण खरी गोष्ट लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची. मी आणि आरती मांडवातली भांडी निवडत बसलो होतो. रोहिणीचा फोन आला. आरतीनं मोबाईलचा स्पीकर सुरू केला.

"आई, आमटी केली गं," रोहिणी हळू आवाजात म्हणाली. पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता. "सगळी जेवायला बसलीत. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. घरभर वास सुटलाय."

"कसा सुटलाय?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते आपसूक गेलं. मी आरतीकडे बघितलं. आता ही पोरगी पण बिस्किटाचं नाहीतर चिवड्याचं काहीतरी सांगणार, असं मला वाटलं.

 रोहिणी म्हणाली, "आपल्या घराचा."

 डोळ्यांना पदर लावून मी खूप रडले, आणि मोकळी झाले. आरतीनं फोनवर काय ते उरकलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली.  दिवसभराच्या धावपळीनं तिचा चेहरा उतरला होता.

मी उठले, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं. फ्रिजमधल्या पेस्टच्या बाटलीला हात न लावता आल्याचा तुकडा घेतला आणि किसायला लागले.

"पाकीटरानी," मी म्हटलं, "हिकडं ये. आल्याचा वास सुटला की सांग मला."